डीपीएस सारखाच असेल तर खंजीर घ्यावा की दुहाती तलवार?

प्रश्न असा आहे: "माझ्या पात्राकडे दोन शस्त्रं आहेत. खंजीर एका वारात २० डॅमेज देतो आणि दर सेकंदाला एक वार करतो. दुहाती तलवार एका वारात ६० देते, पण तीन सेकंदांतून एकदाच चालते. दोन्हींचा डीपीएस, म्हणजे सेकंदामागे पडणारा डॅमेज, २०च. मग वेगाचा आकडा वेगळा दाखवतात कशाला? आणि मी घेऊ कोणतं?"

मी बारा वर्षं रोल-प्लेइंग गेम्समधल्या लढाया रचण्याचं काम करतो. शस्त्रांचे आकडे ठरवायचे, ॲनिमेशनच्या टीमबरोबर बसून ते हाताला कसे लागतात ते पाहायचं आणि मग पुन्हा आकडे बदलायचे, असा दिवस जातो. टीममध्ये नवीन आलेली मुलंही पहिल्या महिन्यात हाच प्रश्न विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लढाईत काही गोष्टी सेकंदावर मोजल्या जातात आणि काही वारावर. डीपीएस सेकंदावर मोजतात. चिलखत, विष, मंत्रतंत्राने शस्त्राला जोडलेली आग, समोरच्याचा तोल जाणं हे सगळं मात्र बहुतेक गेम्समध्ये दर वाराला मोजतात. शस्त्राचा वेग म्हणजे एका मिनिटात ही दुसरी मोजणी किती वेळा होणार याचा आकडा. ती मोजणी तुमच्या बाजूची असेल तर वेगवान शस्त्र हवं, विरुद्ध असेल तर संथ. पण त्याआधी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे अनुभवी खेळाडूंचंही लक्ष जात नाही: थांबायचं ते वाराच्या आधी की नंतर?

तुमचेच आकडे घेऊ. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) शत्रूला भिडलात की आपोआप होणारा पहिला वार लगेच पडतो आणि पुढच्या वारासाठी शस्त्राच्या वेगाइतकं थांबावं लागतं. म्हणजे थांबणं वारानंतर. समोर १२० एचपीचा, म्हणजे एकूण १२० डॅमेज पडला की मरणारा, राक्षस असेल तर तलवारीचा पहिला वार शून्याव्या सेकंदाला, दुसरा तिसऱ्या सेकंदाला, आणि काम संपलं. खंजिराला सहा वार लागतात आणि सहावा पडतो पाचव्या सेकंदाला. एचपी १२१ करा: आता तलवारीला तिसरा वार लागतो, खंजिराला सातवा, आणि दोघेही सहाव्या सेकंदाला पोचतात. ७० करा: दोघेही तिसऱ्या सेकंदाला. कागदावर कोणताही एचपी घालून पाहा, या पद्धतीत तलवार कधीच मागे पडत नाही. फार तर बरोबरी होते.

आता थांबणं वाराच्या आधी ठेवा. तलवार पहिले तीन सेकंद उगारण्यातच घालवते आणि मग वार बसतो. खंजीर एक सेकंद घेतो. ७० एचपीचा राक्षस खंजिराने चौथ्या सेकंदाला मरतो, तलवारीने सहाव्या. १२० एचपीचा दोघांकडूनही सहाव्या सेकंदाला. इथे कोणताही एचपी घ्या, खंजीर कधीच मागे पडत नाही. आकडे तेच, डीपीएस तोच, फक्त थांबण्याची जागा बदलली आणि निकाल फिरला. हे गणित मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या सगळ्या शस्त्रांची यादी पुन्हा काढून बसलो होतो.

खऱ्या गेममध्ये हे थांबणं दोन्हीकडे वाटलेलं असतं. मी टीममध्ये एका वाराचे तीन तुकडे सांगतो: उगारणं, बसणं आणि सावरणं. उगारणं म्हणजे बटण दाबल्यापासून पातं समोरच्याला लागण्यापर्यंतचा काळ. बसणं म्हणजे पातं ज्या काळात इजा करू शकतं तो. सावरणं म्हणजे वार संपल्यावर पात्र पुन्हा मोकळं होईपर्यंतचा काळ. 'डार्क सोल्स' (२०११) किंवा 'एल्डन रिंग' (२०२२) अशा गेम्समध्ये पडद्यावर वेगाचा आकडाच नसतो. तिथला वेग म्हणजे हे तीन तुकडे. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. सेकंदाला ६० फ्रेम्स, म्हणजे ६० स्थिर चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये पाव सेकंद म्हणजे १५ फ्रेम्स. उगारणं याहून लहान असेल तर समोरचा माणूस ते पाहून वाचू शकत नाही, त्याला आधीच अंदाज बांधावा लागतो. खंजिराची खरी ताकद इथे आहे. उलट महाकाय तलवारीचं उगारणं समोरच्याला दिसतं, त्याला लोळण घेऊन निसटायला वेळ मिळतो आणि वार हुकला की तुम्ही सावरेपर्यंत तो तुमच्यावर दोन वार करून जातो.

म्हणूनच संथ शस्त्र वेगवान करायचं असेल तर कोणता तुकडा कापायचा हा मोठा निर्णय असतो. उगारणं कापलं तर शस्त्र समोरच्यासाठी धोकादायक होतं. सावरणं कापलं तर ते वापरणाऱ्यासाठी सुरक्षित होतं. दोन्हींनी डीपीएस सारखाच वाढेल, पण खेळ सारखा राहणार नाही. 'एल्डन रिंग' बाजारात आल्यावर महाकाय शस्त्रं फारच जड पडतात अशी ओरड होती. एप्रिल २०२२च्या सुधारणेत त्यांच्या साध्या वारांचा वेग वाढवला आणि सावरण्याचा काळ कमी केला. त्यानंतर ती शस्त्रं हाताला एकदम वेगळी लागू लागली.

सावरणं टाळायचा जुना मार्ग कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पाहायला मिळतो. दांडपट्ट्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी आवरणात असतो, मनगट मोकळं वळत नाही. म्हणून पट्टेकरी पातं थांबवतच नाही. एका फेऱ्याचा शेवट हीच पुढच्या फेऱ्याची सुरुवात. गेममधला कॉम्बो हेच करतो. पहिल्या वाराचं सावरणं मध्येच तोडून तिथूनच दुसऱ्या वाराचं उगारणं सुरू होतं. त्यामुळे सुट्या वाराचा वेग पाहून शस्त्राबद्दल मत बनवू नका. तीन-चार वारांची साखळी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो ते पाहा.

आता वारावर मोजल्या जाणाऱ्या गोष्टी. त्यात पहिलं चिलखत, कारण सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

चिलखताचा हिशेब गेमगणिक वेगळा असतो. 'स्कायरिम'मध्ये (२०११) चिलखत डॅमेजचे ठरावीक टक्के कापतं. २० मधले टक्के कापा की ६० मधले, प्रमाण तेच राहतं, म्हणून तिथे वेगाने काही बिघडत नाही. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) चिलखत सरळ वजा होतं. १५ वजा झाले तर खंजिराच्या वाराचे ५ उरतात, तीन वारांचे १५. तलवारीचे मात्र ४५. म्हणून त्या गेममध्ये शस्त्रांना चिलखत भेदण्याचा वेगळा आकडा दिलेला आहे. तो नसता तर चिलखत घातलेल्या सैनिकापुढे लहान पात्यांचा निभाव लागला नसता.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'मोरोविंड'चं (२००२). तिथे वाराचा आकडा भागिले वार आणि चिलखत यांची बेरीज, एवढाच भाग आत शिरतो, आणि तो पाव हिश्शाहून खाली जात नाही. समोरच्याचं चिलखत ६० धरा. खंजिराचे २० भागिले ८०, म्हणजे पाव. प्रत्येक वाराचे ५ पोचतात, तीन वारांचे १५. तलवारीचे ६० भागिले १२०, म्हणजे निम्मे. एकाच वारात ३०. कागदावर डीपीएस सारखा असलेली तलवार प्रत्यक्षात दुप्पट इजा करते. चिलखत २० असेल तर खंजिराचे तीन सेकंदांत ३०, तलवारीचे ४५. म्हणजे चिलखत ६० पर्यंत वाढत जाईल तशी तलवार पटीत पुढे जाते; त्यापुढे पाव हिश्शाची मर्यादा खंजिराला सावरून धरते. 'पाथ ऑफ एग्झाइल'मधल्या (२०१३) चिलखताचा स्वभावही असाच आहे: लहान वार ते गिळून टाकतं, मोठ्या वारापुढे नमतं. अशा गेममध्ये "एक घाव दोन तुकडे" हीच चाल.

चिलखत खंजिराच्या मुळावर येतं, तर दर वाराला मिळणारी भर त्याला वर काढते. आमच्याकडे एका गेमवर काम चालू असताना आम्ही शस्त्राला लावायची एक अग्निमुद्रा केली: प्रत्येक वाराला १० जास्तीचा डॅमेज. दिसायला अगदी निरुपद्रवी. पण खंजिराचे २० चे ३० झाले, म्हणजे निम्म्याने वाढ. तलवारीचे ६० चे ७० झाले, म्हणजे सहावा हिस्सा. चाचणीच्या दुसऱ्याच आठवड्यात टीममधला प्रत्येक जण खंजीर घेऊन फिरत होता आणि दुहाती शस्त्रं पेटीत पडून होती. चूक माझी होती. मी भर वारावर ठेवली होती, ती शस्त्राच्या काळावर ठेवायला हवी होती. मुद्रेचा आकडा शस्त्राच्या सेकंदांनी गुणला आणि तराजू पुन्हा सरळ झाला.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने अगदी याच तोडग्यातून एक नवा गुंता ओढवून घेतला होता. मला तो फार शिकवून गेला. तिथे १४ अटॅक पॉवरमागे (पात्राच्या स्वतःच्या मारक बळाचा आकडा) एक डीपीएस मिळायचा आणि ती भर शस्त्राच्या वेगाने गुणली जायची. समजा तुमची अटॅक पॉवर १४००, म्हणजे १०० डीपीएस. ३.८ सेकंदांच्या कुऱ्हाडीच्या प्रत्येक वारात ३८० ची भर, १.७ सेकंदांच्या खंजिरात १७० ची. साध्या, आपोआप होणाऱ्या वारांसाठी हे अगदी न्याय्य आहे. पण योद्ध्याकडे बटण दाबताक्षणी पडणारी कौशल्यंही असतात आणि त्यांना शस्त्राच्या वेगाइतकं थांबावंच लागत नाही. संथ शस्त्राला थांबण्याची भरपाई म्हणून दिलेले ते ३८० या कौशल्यांना न थांबताच मिळू लागले. त्या काळात 'आर्केनाइट रीपर' नावाच्या कुऱ्हाडीचा बोलबाला होता त्यामागे हेच गणित होतं: वेग ३.८०, वार १५३ ते २५६. पुढे कंपनीने तत्काळ पडणाऱ्या वारांसाठी खरा वेग न धरता ठरीव आकडा धरायला सुरुवात केली: खंजिरांना १.७, इतर एकहाती शस्त्रांना २.४, दुहातींना ३.३, धनुष्य-बंदुकांना २.८. तेव्हा ३८० चे ३३० झाले. तरी शस्त्राचा स्वतःचा मूळ डॅमेज तसाच राहिला, त्यामुळे संथ शस्त्राला प्राधान्य काही गेलं नाही, फक्त उतू जाणं थांबलं.

त्याच गेममध्ये मारेकरी उलट वागायचा. त्याच्या पात्याला विष लावलेलं असायचं आणि विष चढण्याची शक्यता दर वाराला. म्हणून उजव्या हातात संथ शस्त्र, कौशल्यांचे वार जड पडावेत म्हणून. आणि डाव्या हातात जितकं वेगवान मिळेल तितकं, विष भराभर चढावं म्हणून. दोन हातांत दोन वेग आणि दोन्हींना स्वतंत्र कारण! अशी रचना पाहिली की मला मनापासून आनंद होतो, कारण इथे खेळाडूने आकडे वाचलेत आणि गेमने त्याला दाद दिली आहे. 'एल्डन रिंग'मधला रक्तस्रावही याच जातीचा. दर वाराला थोडा थोडा साचतो, वार थांबले की हळूहळू ओसरतो आणि काठोकाठ भरला की शत्रूच्या एकूण एचपीचा मोठा लचका तोडतो. ओसरण्याच्या आत भरायचा असेल तर वार दाट पडायला हवेत. म्हणून दोन हातांत दोन हलकी पाती घेऊन खेळणाऱ्यांची तिथे एवढी चलती आहे.

समोरच्याचं काम मध्येच मोडणं हा वेगाचा सगळ्यात जुना उपयोग. टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) शस्त्राच्या वेगाचा ऐच्छिक नियम होता. प्रत्येकाने दहा बाजूंचा फासा टाकायचा, त्यात शस्त्राचा आकडा मिळवायचा, ज्याची बेरीज कमी तो आधी. खंजिराचा आकडा २, लांब तलवारीचा ५, दुहाती तलवारीचा १०. मांत्रिकासाठी शस्त्राऐवजी मंत्राचा काळ धरायचा. अग्निगोळ्याचा तो ३. आता फाशांच्या शंभर जोड्या मोजून पाहा. मांत्रिक अग्निगोळा टाकतोय आणि तुमच्या हातात खंजीर आहे, तर शंभरात ५५ वेळा तुम्ही आधी. हातात दुहाती तलवार असेल तर शंभरात ३ वेळा. आणि मंत्र पुरा व्हायच्या आत मांत्रिकाला इजा झाली तर मंत्र वाया. इथे वेगाने वारांची संख्या अजिबात बदलत नाही, फक्त क्रम बदलतो, आणि तेवढ्यावर सगळी टोळी जळून जायची किंवा वाचायची. हे नियम 'बाल्डर्स गेट'मध्ये (१९९८) संगणकावर आले तेव्हा फेरी सहा सेकंदांची झाली आणि शस्त्राचा आकडा त्या फेरीत वार कधी पडेल ते ठरवू लागला. आजही त्या गेममध्ये खंजिराचा आकडा कमी म्हणून तो जास्त वार करेल असं समजून फसणारे खूप भेटतात. त्यामुळे कोणत्याही गेममध्ये 'वेग' हा शब्द दिसला की आधी तपासा: तो वारांची संख्या सांगतोय की वाराची पाळी?

उलट बाजूही आहे. संथ, जड शस्त्राचा एकच वार समोरच्याला हादरवतो. 'स्कायरिम'मध्ये खंजिराचा वेग १.३ आणि वॉरहॅमरचा ०.६, पण तोल घालवण्याच्या गुणात खंजीर शून्यावर आणि वॉरहॅमर सगळ्यात वर. शिवाय लोखंडी खंजिराचा मूळ डॅमेज ४ आणि वॉरहॅमरचा १८. ढोबळ गुणाकार केला तर ५.२ विरुद्ध १०.८, म्हणजे समोरासमोरच्या लढाईत तो खंजीर टिकूच शकत नाही. मग त्याला ठेवलंय कशासाठी? लपून केलेल्या वारासाठी. योग्य पर्क, म्हणजे पात्राने निवडायची खास क्षमता, घेतला की खंजिराचा लपून केलेला वार १५ पट बसतो, ४ चे ६० होतात. तिथे वेगाचा संबंधच उरत नाही.

'डायब्लो २'बद्दल (२०००) थोडक्यात, कारण त्याचे तक्ते पाठ असणारे लोक माझ्याहून जास्त जाणतात. तो गेम सेकंदाला २५ फ्रेम्सवर चालतो आणि वार पूर्ण फ्रेम्समध्येच मोजतो. त्यामुळे वेग वाढवणारी अंगठी घातली तरी मधल्या टप्प्यात काहीच हलत नाही. फ्रेम कमी झाली तरच फायदा. दहाची नऊ झाली तर सेकंदाला अडीच वारांचे २.७८ होतात, पाचाची चार झाली तर पाचाचे सव्वासहा. शिवाय अंगावरच्या वस्तूंमधून मिळणारा वेग घसरत्या भावाने मिळतो: २० टक्क्यांचे १७, ६० चे ४०, १२० चे ६०. शस्त्राचा मूळ वेग मात्र कापला जात नाही. म्हणून 'फेज ब्लेड'सारख्या जात्याच वेगवान पात्याला तिथे एवढी किंमत.

नशिबाचा मुद्दा लोक विसरतात. तुमचे वार शंभरात ७५ वेळा लागतात असं धरा आणि समोर ६० एचपीचा शत्रू. तलवार पहिल्याच वारात त्याला ७५ टक्के वेळा संपवते. खंजिराचे पहिले तिन्ही वार लागण्याची शक्यता ४२ टक्केच. पण तलवार पहिल्या दोन वारांत दोन्ही वेळा हुकली तर सहा सेकंद हाती शून्य. खंजिराच्या सहा वारांत एकही न लागणं जवळजवळ अशक्य. संथ शस्त्रात चढउतार जास्त. तुम्ही शत्रूपेक्षा बलवान असाल तर चढउतार नकोत, लहान लहान वारांनी शांतपणे जिंका. तुम्हीच दुबळे असाल, समोर आवाक्याबाहेरचा बॉस, म्हणजे गेममधला बडा शत्रू, असेल आणि सरासरीने खेळून हार पक्की असेल, तर मोठा वार हीच आशा.

तुमच्या प्रश्नावर परत येतो. तुम्ही गेमचं नाव दिलेलं नाही, तेव्हा निवड करण्याआधी तासभर खर्च करून चार गोष्टी मोजा. चिलखत न घातलेल्या कोल्ह्यावर-लांडग्यावर दोन्ही शस्त्रांचे दहा-दहा वार करा, मग जड चिलखताच्या सैनिकावर तेवढेच. दोन्हीकडे प्रत्येक वाराचे आकडे लिहून काढा. सैनिकावर खंजिराची टक्क्यांतली घसरण तलवारीपेक्षा जास्त असेल, तर चिलखत वारावर मोजलं जातंय हे कळलं. मग फोनच्या कॅमेऱ्याने पडदा सेकंदाला ६० फ्रेम्सवर चित्रित करा आणि बटण दाबल्यापासून वार बसेपर्यंतच्या आणि बसल्यापासून पात्र पुन्हा चालू शकेपर्यंतच्या फ्रेम्स मोजा. शस्त्राला जोडलेली एखादी मुद्रा किंवा विष असेल तर तिची भर दोन्ही शस्त्रांवर सारखी दिसते का ते पाहा. शेवटी, मंत्र टाकणाऱ्या शत्रूवर एकेक वार करून मंत्र मोडतो की नाही ते तपासा.

ही मोजणी होईपर्यंत काय वापरायचं, तर माझ्या हातून अशा पात्राला मी दोन्ही देईन. भिडण्याआधी हातात तलवार, कारण पहिला वार मोठा असलेला बरा आणि चिलखतवाल्यांवर तीच चालते. पट्ट्यात खंजीर, विष किंवा आगीची मुद्रा लावून, मांत्रिकांसाठी आणि ज्याचं उगारणं-सावरणं तुम्हाला अजून वाचता येत नाही अशा प्रत्येक नव्या बॉससाठी. त्याच्याशी पहिल्या पाच-सहा लढती खंजिराने करा. एक वार करून मागे सरकायला जागा किती मिळते ते पाहा. तो सावरत असताना तुमच्या तलवारीचं पूर्ण उगारणं मावेल एवढी फट सापडली, की त्या दिवशी खंजीर म्यानात ठेवा.